चाक गोलात बसत नाही, आणि ते बसवूही नये

निपाणीहून एका मुलीने विचारले आहे. मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. '2001: अ स्पेस ओडिसी' या 1968 च्या चित्रपटातले डिस्कव्हरी यान तिने करायला घेतलेय. यानाचा पुढचा गोल 1:48 मापाने, 3 मिमी जाडीच्या भिंतीचा, 3D प्रिंटरवर चार तुकड्यांत छापून झाला. आता त्याच्या पोटात अंतराळवीर राहतात ते फिरते चाक आणि पॉड, म्हणजे यानाबाहेर जायची छोटी याने, ठेवायची खोली बसवायची आहे. तिचे शब्द असे: "काका, चाक दीड मिलिमीटरने अडकतंय. गोल आतून घासू की चाक बारीक करू? आणि आत एलईडी लावला की सगळी भिंतच ट्यूबलाइटसारखी पेटते. खोली म्हणून दिसेनाच झालीय."

बाळ, घासू नकोस. चाकही बारीक करू नकोस. तुझी मोजणी बरोबर आहे, हेतू तेवढा बदलायचा आहे.

आधी मी कोण ते सांगतो, म्हणजे मी लाकडाच्या भाषेत का बोलतो ते कळेल. मी बेळगावात उद्यमबागेतला पॅटर्न मेकर. फाउंड्रीत बिडाचे कास्टिंग ओतायच्या आधी त्याचा जो लाकडी नमुना लागतो तो करणारा. चौतीस वर्षे हेच केले. बाकी गणपतीला गल्लीतल्या मंडळाचा देखावा, दिवाळीला पोरांचा किल्ला, आणि रात्री जेवण झाल्यावर ही अंतराळयाने. घरात यावरून काय बोलले जाते ते इथे लिहीत नाही.

आता तुझे दीड मिलिमीटर. तू गोल 40 फुटांचा धरलास, ते आर्थर क्लार्कच्या याच नावाच्या कादंबरीतले माप. चाक 38 फूट व्यासाचे आणि 10 फूट रुंद धरलेस, ते चित्रपटाच्या सेटचे. दोन वेगवेगळ्या घरांतले नवरा-नवरी आहेत हे. कागदावर लग्न जमते: गोलाच्या मध्यापासून 5 फूट सरकले तर तिथे गोलाचा व्यास 38.7 फूट उरतो, म्हणजे 38 फुटांचे चाक कसेबसे मावते. पण 1:48 ला तुझ्या 3 मिमी भिंतीने आतली त्रिज्या 127 ची 124 मिमी केली. चाकाच्या कडेपाशी आतला व्यास उरला 239.7 मिमी आणि चाक आहे 241.3 मिमी. हा बघ तुझा दीड मिलिमीटर. समज, घासून घासून ते बसवलेस. मग चाकाच्या दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा फूट उंचीच्या दोन टोप्या उरतात. त्यांत तीन पॉड, त्यांची दारे, कॉकपिट, ये-जा करायचे रस्ते हे सगळे कोंबायचे. आणि एवढे करून गोल बंद केलास की ते दिसणार कुणाला?

चित्रपट करणाऱ्यांनी हा प्रश्न सोडवलाच नव्हता. त्यांना तो सोडवायची गरज पडली नाही. बाहेरून दिसणाऱ्या यानाचे मोठे मॉडेल 54 फूट लांबीचे होते, त्याच्या पोटात हे चाक नव्हते. चाक वेगळे. लंडनजवळ बोरहॅमवूडच्या स्टुडिओत ते विकर्स-आर्मस्ट्राँग या इंजिनिअरिंग कंपनीकडून बनवून घेतले होते. वजन 30 टन, खर्च साडेसात लाख डॉलर, आणि कडेचा वेग जास्तीत जास्त ताशी 3 मैल. उसाची भरलेली बैलगाडी जाते तेवढा. पॉडची खोली हा तिसराच सेट. प्रेक्षकाच्या डोक्यात तिन्ही जोडले गेले, कारण एक दृश्य संपून दुसरे लागले. आपल्याकडे नाटकात विंगेतून 'आतल्या खोलीत' जातात, तेव्हा आत खोली असते का? आत चहाचा थर्मास असतो.

म्हणून तूही दोन वस्तू कर. बाहेरचा गोल 1:48 चा आहे तसा राहू दे. आतले जग वेगळ्या पेटीत, 1:24 मापाने, एका झरोक्यातून बघायचे. माझे खरे म्हणणे इथून सुरू होते: झरोका आधी, खोली नंतर. डोळा कुठे असणार हे ठरल्याशिवाय एकही शीट कापायची नाही.

आमच्या धंद्यात कोअर नावाची गोष्ट असते. पंपाचा किंवा व्हॉल्व्हचा कास्टिंग आतून पोकळ हवा असतो, तर ती पोकळी आम्ही वाळूची भरीव करून साच्यात ठेवतो. तिलाच कोअर म्हणतात. लोखंड तिच्याभोवती ओतले जाते, मग वाळू फोडून काढली की जिथे वाळू होती तिथे हवा उरते. त्यामुळे पॅटर्न मेकरला पोकळी ही वस्तूसारखी दिसते. तिला कड असते, उतार असतो, वजनसुद्धा असते. यानाची खोली करताना मी तसेच करतो. झरोक्यातून डोळ्याला जेवढी हवा दिसते तेवढाच कोअर. त्या हवेला लागून असलेला पृष्ठभाग म्हणजे खोली. त्याच्या मागे काय आहे, पुठ्ठा आहे की वायरींचा गुंता, याच्याशी कुणाला देणेघेणे नाही.

चाकाच्या बाबतीत हे आकड्यांत बघ. 1:24 ला चाकाचा व्यास 483 मिमी, रुंदी 127 मिमी, पूर्ण परीघ 1516 मिमी. उभ्या माणसाचा डोळा 1.6 मीटरवर धरला तर मॉडेलमध्ये जमिनीपासून 67 मिमी. त्या उंचीवर झरोका पाड आणि चाकाच्या घेराच्या दिशेने बघ. जमीन समोर चढत जाते ना? तर अगदी सरळ पाहिले की नजर 167 मिमीवर जमिनीलाच टेकते, आणि ती जागा चाकावर साधारण 44 अंशांवर असते. मान वर करून 35 अंशांनी पाहिलेस तर नजर पोहोचते 89 अंशांपर्यंत. म्हणजे मोबाइलच्या साध्या कॅमेऱ्याला, किंवा भोकाला डोळा लावणाऱ्या माणसाला, चाकाचा जेमतेम पावभाग दिसणार. 100 अंशांचा तुकडा कर. लांबी 421 मिमी. बाकीचे 260 अंश करायचे म्हणजे किल्ल्याच्या मागच्या, भिंतीकडच्या बाजूलाही बुरूज बांधण्यासारखे.

मी पहिल्यांदा ते 360 अंश बांधले होते. त्यात एक फजिती झाली, ती सांगतो. बीड थंड होताना आकसते, साधारण एक टक्का. म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करावा लागतो, आणि त्यासाठी आमच्याकडे वेगळी पट्टी असते. शिंकेज पट्टी. तिच्यावरचा एक मीटर हा खरा 1010 मिमी असतो. दिसायला ती अगदी साध्या स्टीलच्या पट्टीसारखी. रात्री अकरा वाजता ड्रॉवरमधून हाताला लागली ती घेतली आणि चाकाच्या आतल्या पॅनेलच्या पट्ट्या आखल्या. रिंग साध्या पट्टीने केलेली होती. पॅनेल लावत लावत गेलो, गोल पूर्ण होत आला, आणि शेवटचे पॅनेल बसेना. पंधरा मिलिमीटर जास्त! 1516 चा एक टक्का, हिशेब चोख. मी मात्र तीन रात्री रिंग तपासत बसलो होतो. तुझ्याकडे शिंकेज पट्टी नसेल, पण तुझा प्रिंटरही आकसणाऱ्या प्लास्टिकवर चालतो, हे लक्षात ठेव. छापलेला भाग आणि कापलेला भाग एकमेकांत बसवायचा असेल तर आधी 100 मिमीची एक पट्टी छापून कॅलिपरने मोज.

रिंग कशाची करायची? मी 3 मिमी एमडीएफचे वक्र तुकडे लेझरने कापून घेतो आणि विटांसारखे सांधे चुकवत थर लावतो. गोल पॅटर्न आम्ही सागवानात असेच सेगमेंट लावून करतो, त्याने रिंग पिळत नाही. तुझ्या तुकड्याला 127 मिमी अंतरावर अशा दोन कमानी, मध्ये आडव्या पट्ट्या, आणि आतून 1 मिमीची हिप्स शीट (पॉलिस्टायरीन प्लास्टिकची) वाकवून. ती एवढ्या त्रिज्येला न तापवता वाकते. सनबोर्ड, म्हणजे फोमची हलकी शीट, वाकवू नकोस, त्याला सुरकुत्या पडतात. सनबोर्ड बाहेरच्या पेटीला ठीक. आणि थर्माकोलवर कधीही डबा-स्प्रे मारू नकोस. आमच्या मंडळाच्या देखाव्यात चतुर्थीच्या आदल्या रात्री मी स्वतः, कुणाचे न ऐकता, थर्माकोलच्या महालावर सोनेरी स्प्रे मारला होता. सकाळी गणपती आले तेव्हा महालाला देवी आल्यासारखे खड्डे होते.

अ‍ॅक्रिलिक जोडायला साइन बोर्डवाले क्लोरोफॉर्म वापरतात. सांधा सुरेख येतो, पण त्याची वाफ वाईट, यकृताला वाईट. खिडक्या उघडून, पंखा बाहेरच्या दिशेला लावून, थेंबाथेंबाने. घरात लहान मूल असेल तर नकोच. खिडकीच्या पारदर्शक तुकड्याला फेविक्विक लावू नकोस, वाफेने आजूबाजूला पांढरी धूळ धरते आणि ती निघत नाही. तिथे साधा फेविकॉल, वाळल्यावर पारदर्शक होतो.

आता प्रकाश. तुझी खरी अडचण इथे आहे आणि माझीही वर्षे इथेच गेली.

भिंत पेटते, कारण 3D प्रिंटचे पांढरे प्लास्टिक प्रकाशाला अडवतच नाही. त्याच्यावर पांढरा रंग कितीही दे, उपयोग नाही. पांढऱ्याने प्रकाश अडत नाही, काळ्याने अडतो. म्हणून बाहेरच्या बाजूला काळा, दोन हात. त्यावर एसीच्या डक्टला लावतात ती अ‍ॅल्युमिनियमची चिकटपट्टी. सांध्यांवर तर दुहेरी. मग आतून करडा प्रायमर आणि शेवटी पांढरा. हे सगळे जोडणी करण्याआधी. जोडल्यावर कोपऱ्यात ब्रश जात नाही आणि गळती बरोबर कोपऱ्यातूनच होते. तपासायला रात्री सगळे दिवे बंद कर, पेटीतला दिवा लाव आणि बाहेरून फिरून बघ. जिथे सुईएवढा प्रकाश दिसेल तिथे पेन्सिलीने खूण. मला पहिल्या पेटीत चाळीसच्या वर खुणा कराव्या लागल्या होत्या.

गळती थांबली तरी खोली खोली दिसणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पांढऱ्या बंद पेटीत दिवा लावला की उजेड या भिंतीवरून त्या भिंतीवर उड्या मारत राहतो. सावली उरत नाही. सावली नाही तर कोपरा नाही, कोपरा नाही तर खोली नाही. दुधाच्या पातेल्यात डोके घातल्यासारखे दिसते. आपण काय करतो? अजून एलईडी लावतो. उलटे कर. एलईडी कमी कर आणि जे डोळ्याला दिसत नाही ते काळे कर. झरोक्याच्या आजूबाजूची आतली भिंत, तुझ्या पाठीमागचे सगळे, मऊ काळ्या कापडाने मढव. तिकडे गेलेला उजेड तिथेच मरू दे. मग समोरच्या भिंतीवर एका बाजूने उजेड पडतो, दुसरी बाजू जरा मळकट होते, आणि चाकाचा वळसा एकदम डोळ्यांत भरतो. जुन्या घरात कोनाड्यातली समई कशी दिसायची आठव. कोनाडा दिसायचा तो समईमुळे, पण बाकीच्या माजघरात अंधार होता म्हणून.

भिंतीत उजळलेली पॅनेल हवी असतील तर ग्लो साइन बोर्डवाल्यांची रीत वापर. समोर मिल्की अ‍ॅक्रिलिक, मागे एलईडीची पट्टी. एका मीटरला 60 दाणे असतील तर दोन दाण्यांत साधारण 17 मिमी अंतर येते. अ‍ॅक्रिलिक आणि पट्टी यांत निदान तेवढे तरी अंतर ठेव, नाहीतर उजळलेल्या पॅनेलमध्ये ठिपके दिसतात आणि तुझे यान मिठाईच्या दुकानाची पाटी वाटायला लागते. जागा नसेल तर पट्टी उलटी, मागच्या पांढऱ्या भिंतीकडे तोंड करून लाव आणि परतून आलेला उजेड घे. हे मला जास्त आवडते. 12 व्होल्टची पट्टी तीन-तीन दाण्यांच्या खुणेवरच कापायची. मोठ्या दाण्यांची पट्टी एका मीटरला 14.4 वॅट खाते, बंद पेटीत ती चांगलीच तापते, आणि मे महिन्यात पाठीचा गोंद सुटतो. वर मागच्या बाजूला हवेची फट ठेव, फक्त ती वळणावळणाची ठेव म्हणजे हवा जाईल पण उजेड येणार नाही.

उजेड कमी करायला बाजारातला स्वस्त डिमर घेऊ नकोस. तो दिवा सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करतो. डोळ्याला कळत नाही, मोबाइलच्या फोटोत मात्र आडवे पट्टे येतात. त्याऐवजी छोटा बक कन्व्हर्टर लाव आणि व्होल्टेजच 12 वरून 9-10 वर आण. पट्टीचा रंग कूल व्हाइट घेतलास तर पांढरा निळसर, थंड दिसतो. वॉर्म व्हाइट घेतलास तर यान लॉजिंगच्या खोलीसारखे दिसते. मी भिंतीला 4000 केल्विनची नॅचरल व्हाइट वापरतो, आणि फक्त टोकाच्या एखाद्या पॅनेलला कूल. एवढ्याशा फरकानेसुद्धा खोली लांब वाटते.

पडद्यांबद्दल. चित्रपटात कॉकपिटच्या पडद्यांवर जी चित्रे हलतात ती बहुतेक मागून 16 मिमी प्रोजेक्टरने टाकलेली होती, कारण त्या वेळी तसे सपाट पडदे बाजारात नव्हते. आपल्याला ओएचपीच्या पारदर्शक शीटवर लेझर प्रिंट पुरे. एकाच प्रिंटला मागून उजेड दिला की काळा भाग करडा दिसतो, म्हणून तीच चित्रे दोनदा छापून एकावर एक तंतोतंत बसव. मागे रंगीत जिलेटिन पेपर, त्यामागे बटर पेपर, त्यामागे दिवा. हॅलचा, म्हणजे यानाच्या बोलत्या संगणकाचा, लाल डोळा म्हणजे 3 मिमीचा लाल एलईडी, तोंडावर काळ्या रंगाची बारीक कडी. तो मंद ठेव. लोक त्याला हौसेने इतका पेटवतात की तो मोटारसायकलचा टेललॅम्प होतो.

आता पांढरा. एकच पांढरा कधी वापरू नये. मी तीन करतो: एक मॅट, किंचित करडा मिसळलेला, भिंतीला. एक जरा चकचकीत, दारांच्या आणि पॅनेलच्या कडांना. आणि एक पिवळसर झाक असलेला, जिथे माणसाचा हात रोज लागणार अशा ठिकाणी. झाक इतकी थोडी की शेजारी ठेवल्याशिवाय कळू नये. पॅनेलमधल्या फटींना काळा भरू नकोस, करडा भर. खऱ्यातली 5 मिमीची फट 1:24 ला 0.2 मिमी होते, म्हणजे ब्लेडची एक ओढ. जाड काळ्या रेघा आखल्या की यान फरशीवाल्याचे काम वाटते. तसेच कडांचे. 40 मिमी जाड दार म्हणजे 1.7 मिमी. तू 5 मिमी सनबोर्डचे दार केलेस तर ते बारा सेंटीमीटर जाडीचे, किल्ल्याचे दार झाले. खोट्या मॉडेलची चाहूल मला बहुतेक वेळा दाराच्या कडेतच लागते.

आतले कोपरे थोडे गोल कर. आम्ही पॅटर्नच्या आतल्या कोपऱ्यात मेणाची किंवा चामड्याची फिलेट, म्हणजे कोपरा गोल करणारी पट्टी, लावतो, नाहीतर कास्टिंग तिथे तडकते. इथे कारण वेगळे: गोल कोपऱ्यावर उजेड हळूहळू उतरतो, आणि लांबीने, म्हणजे पुट्टीने, भरलेला कोपरा गळतही नाही. लांबी ओली असताना बांगडीचा तुकडा फिरवायचा, झाले.

रंगकाम मृग लागायच्या आत उरकून घे. तुझ्या निपाणीत पाऊस बेतानेच असेल, पण आमच्याकडे बेळगाव-खानापूर पट्ट्यात जून ते सप्टेंबर हवेत पाणीच तरंगते. ड्युकोसारख्या लॅकर रंगावर दमट हवेत पांढरट बुरशीसारखी झाक येते, एमडीएफच्या उघड्या कडा फुगतात. कडांना आधीच पातळ फेविकॉल पाजून ठेव. जुलैत रंग मारायचाच असेल तर खोलीत 100 वॅटचा जुना बल्ब दोन तास लावून मग मार. शेजारचे विचारतील, पिल्ले उबवताय काय.

तपशील कुठून आणायचा? त्या चित्रपटाची बाहेरची मॉडेल करणाऱ्यांनी बाजारातल्या प्लास्टिक किटचे भाग काढून चिकटवले होते. आपल्याकडे किट महाग, पण कचरा उत्तम. इंजेक्शनच्या टोप्या, बॉलपेनची बटणे, कॅसेटची चाके, जळालेल्या चार्जरच्या आतली कॉइल. पण माझा सगळ्यात आवडता माल इथल्या शहापूर-वडगावच्या विणकरांच्या मागांवरचा. यंत्रमागाची मोडकी फणी कुणी फुकट देते. तिच्यातल्या स्टीलच्या पात्या इतक्या सारख्या अंतरावर असतात की हाताने तसे करायला जन्म जाईल. समज, इंचाला 40 घरांची फणी आहे, तर 1:24 ला दोन पात्यांतले अंतर 15 मिमी होते. अगदी वातानुकूलनाच्या जाळीसारखे! कात्रीने नाही, ग्राइंडरच्या कटिंग चकतीने काप, चष्मा लावून. पात्या उडतात.

पण हा माल डोळे मिटून चिकटवू नकोस. प्रत्येक वस्तूला विचार: माणूस हिच्यापर्यंत पोहोचतो का, हात लावला तर काय होते? पॉडच्या खोलीत हेल्मेट ठेवायची जागा आहे तर हेल्मेट छातीच्या उंचीवर हवे, 1:24 ला 55 मिमीच्या आसपास. हँडल मुठीत मावेल एवढे, 5 मिमी लांब. दिवाळीच्या किल्ल्यात पोरे काय करतात? महाराजांची मूर्ती बाजारातून आणतात आणि ती बुरुजापेक्षा उंच निघते. किल्ल्याला ते शोभते, महाराज मोठेच आहेत. यानात अंतराळवीर दारापेक्षा उंच निघाला की संपले. म्हणून एक माणूस आधी घे. आर्किटेक्टच्या मॉडेलसाठी 1:25 ची माणसे मिळतात, 70 मिमी उंचीची, चालतात. तो माणूस कामाच्या टेबलावर सतत उभा ठेव आणि प्रत्येक खुर्ची, प्रत्येक बटण त्याच्या शेजारी धरून बघ.

आणि कुठे थांबायचे? आमच्या फाउंड्रीत एक कन्नड मोल्डर, म्हणजे वाळूचे साचे भरणारा, होता, माझ्यापेक्षा वयाने मोठा. मी पॅटर्नला पॉलिश पेपर मारत बसलो की तो मागून म्हणायचा, "साक बिडरी." पुरे, सोडा आता. त्याच्या वाळूत माझ्या पॉलिशपैकी निम्मे उतरायचेच नाही, हे त्याला ठाऊक होते. झरोक्यातून जे फोटोत उतरत नाही ते करू नये, हे मी त्याच्याकडून उचलले. पाळतो मात्र क्वचित.

चाक फिरवायचे का, हे तू विचारले नाहीस, पण मनात असणार. 38 फुटांच्या चाकात चंद्राएवढे गुरुत्व हवे तर मिनिटाला साधारण 5 फेरे. मायक्रोवेव्हची काच फिरवणारी मोटर बरोबर 5-6 फेऱ्यांचीच असते, मॉडेल लहान केले तरी फेरे तेच ठेवायचे, त्यामुळे मोह होतो. मी तो मोह दोनदा केला. ती मोटर दर वेळी कोणत्या दिशेने सुरू होईल सांगता येत नाही. शिवाय फिरत्या भागात 12 व्होल्ट न्यायचे म्हणजे सरकता कॉन्टॅक्ट आला, आणि प्रत्येक फेरीला दिवा लुकलुकणार. तसेही तुझे चाक आता 100 अंशांचाच तुकडा आहे. आपल्याला एक सवलत आहे जी त्यांना नव्हती. माणूस कायम तळाशी उभा राहावा म्हणून त्यांना 30 टनांचे चाक फिरवावे लागले, आणि कॅमेरा चाकाला बांधला की माणूस भिंतीवर चढतोय असे दिसायचे. आपला माणूस फेविक्विकने 70 अंशांवरही उभा राहतो. एक तिथे चिकटव, दुसरा जवळ, खुर्चीत. फोटो काढताना मोबाइल थोडा तिरका धर. पोटात गोळा येतो की नाही बघ.

फोटोचे एवढेच: मोबाइल उलटा धर. कॅमेरा फोनच्या वरच्या कोपऱ्यात असतो, उलटा धरला की भिंग जमिनीजवळ, 67 मिमीच्या उंचीला येते. फार जवळ फोकस होत नाही, म्हणून झरोका आणि पहिली ठळक वस्तू यांत आठ-दहा सेंटीमीटर मोकळे ठेव. ती मोकळी जागा आधीच आराखड्यात धर, नंतर सापडत नाही. मागची भिंत चिकटवू नकोस, चार स्क्रूंवर ठेव. एलईडी जातोच, आणि जातो तो पाहुणे आल्यावर.

राहिला तुझा 1:48 चा गोल. त्याच्या पुढच्या खिडक्यांमागे 25 मिमी खोल एक काळी पेटी लाव. तिच्या मागच्या भिंतीवर तुझ्याच 1:24 कॉकपिटचा फोटो छापून, मागून अगदी मंद उजेड. बाकीचा गोल रिकामा ठेव. ट्रान्सफॉर्मर ठेवायला जागा होईल.